इग्नेसची वेळ

टायरच्या दुकानातल्या त्या बसायच्या खोलीत एकही खुर्ची रिकामी नव्हती. एप्रिल संपत आला होता, आणि अख्ख्या थंडर बे शहराला हिवाळी टायर उतरवायची आठवण नेमकी त्याच सकाळी झाली होती. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं काहीतरी तिरकं येऊन काचेवर आपटत होतं. हेल्मी रिंटाला कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि त्या पडद्याकडे बघून तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"कोरं पान? एररसुद्धा नाही?"

शेजारच्या खुर्चीतला माणूस बोलला होता. हेल्मीनं मान न वळवता लॅपटॉप जरा आपल्याकडे फिरवला.

"दुसऱ्याच्या पडद्यात डोकावू नये, असं कुणी शिकवलं नाही वाटतं तुम्हाला."

"शिकवलं होतं ना. पण तुम्ही मघापासून त्याच्याशी भांडताय, आणि इथं वाचायला टायरच्या कॅटलॉगशिवाय काही नाही."

तिनं आता वळून पाहिलं. लोकरीची टोपी, ओले बूट, दाढी करायची राहून गेलेली. डोळे मात्र हसरे… आणि त्या हसण्यात चेष्टा नव्हती. फ्रेंच घरातल्या माणसाची बोलण्याची ढब होती.

"सर्व्हरच्या डिस्कवर जागा शिल्लक आहे का?" त्यानं विचारलं.

"असणारच," हेल्मी म्हणाली. मग तिनं तपासलं, आणि तिचे कान तापले. डिस्क काठोकाठ भरली होती. वेबसाइट रोज जे काही करी ते सर्व्हर इमानानं लॉगमध्ये लिहून ठेवत होता, आणि त्या जुन्या फायली कित्येक वर्षांत कुणी काढल्याच नव्हत्या. आता त्या बिचाऱ्याला 'माझं काही बिघडलंय' एवढं लिहायलाही जागा उरली नव्हती. तिनं जुन्या फायली हलवल्या. पान पुन्हा उघडलं, तर निळा मथळा, गावांची नावं, गाड्यांच्या वेळा, सगळं जिथल्या तिथं.

"फी किती झाली?" तिनं विचारलं.

"एक पर्शियन बन. गुलाबी आयसिंगचा. आणि समोर बसून खायला सोबत."

"सोबतीची फी वेगळी पडते."

"मग दोन पर्शियन मी घेतो," तो म्हणाला. "माझं नाव एमिल लाशान्स. गाव हर्स्ट."

असं ते सुरू झालं.

हेल्मीची वेबसाइट म्हणजे एका छोट्या संस्थेचा सगळा कारभार होता. सरोवराच्या काठानं आणि महामार्गावर विखुरलेल्या गावांतल्या आजारी माणसांना थंडर बेच्या इस्पितळात आणायचं नि परत सोडायचं, हे त्या संस्थेचं काम. गाड्या लोकांच्या, चालकही स्वयंसेवक. कुणाला कुठून कधी उचलायचं ते वेबसाइट सांगायची. ल्युथरन चर्चच्या तळघरात ऑफिस होतं. तिथं डोरीन ही साठीतली बाई फोन सांभाळायची, माणसं सांभाळायची, आणि बाकी सगळं 'हेल्मीला विचारा' म्हणून सोडून द्यायची.

हेल्मी हे काम कुठं शिकलेली नव्हती. कॉलेज अर्ध्यावर सुटलं, तेव्हा डोरीननं तिला इथं बसवलं, आणि पुस्तकं वाचून, चुकत-माकत, ती शिकत गेली. सगळ्यांना वाटायचं, पोरीला यातलं सगळं येतं. फक्त तिला ठाऊक होतं की आत कितीतरी ठिकाणी नुसती ठिगळं लावलेली आहेत. का बिघडलं ते कळायचं नाही. बिघडलेलं दिसायचं बंद झालं की ती पुढं जायची.

एमिल विद्यापीठात नाताळपर्यंतच्या कामावर आला होता. मे महिन्यापासून तो दर शनिवारी त्या तळघरात येऊ लागला. आधी 'सहज', मग 'डोरीनची कॉफी चांगली असते म्हणून', आणि मग कारण सांगायची गरज उरली नाही.

"हा फॉर्म दोनदा का जातो गं?" तो विचारायचा.

"म्हाताऱ्या माणसांचा हात थरथरतो. बटण दोनदा दाबलं जातं."

"मग दोष हाताचा की आपला?"

"आपला," ती हसून म्हणायची. "तुला प्रत्येक गोष्टीत आपलाच दोष कसा सापडतो रे?"

"कारण आपला दुरुस्त करता येतो. हाताचा कसा करणार?"

एका शनिवारी तो तिचा जुना कोड वाचत होता आणि मध्येच खुदकन हसला. रोज पहाटे सर्व्हर आपोआप बंद करून पुन्हा चालू करायची सोय हेल्मीनं करून ठेवली होती. डेटाबेसकडे उघडलेली दारं कुठंतरी बंद होत नव्हती, साचत जायची आणि दुपारपर्यंत वेबसाइट गुदमरायची. कुठं ते तिला सापडलं नव्हतं. म्हणून रोज पहाटे सगळंच बंद.

"म्हणजे घरात धूर झाला की घरच विझवायचं?" एमिल म्हणाला.

तो प्रेमानंच म्हणाला होता. नंतर दोघांनी मिळून ती उघडी राहिलेली जागा शोधली, आणि सापडली तेव्हा त्यानं तिच्या केसांत अडकलेली पेन्सिल हळूच काढून तिच्या हातात दिली. त्या स्पर्शानं ती दिवसभर हलकी झाली होती. पण ते हसू… ते मात्र कुठंतरी आत रुतून बसलं. तिनं ते त्याला सांगितलं नाही. इतक्या लहानशा गोष्टीचं काय सांगायचं?

जुलैत ती त्याला वडिलांच्या कॅम्पवर घेऊन गेली. सरोवराच्या काठी लाकडी खोली, शेजारी सौना. वाफेत लालबुंद होऊन दोघं धक्क्यावरून पाण्यात उडी मारायला निघाली, आणि एमिल काठावरच थबकला.

"हे पाणी आहे की शिक्षा?"

"हर्स्टची माणसं घाबरट असतात असं ऐकलं होतं."

"हर्स्टची माणसं शहाणी असतात," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून उडी मारली.

वर आल्यावर दोघांचे दात वाजत होते. एका टॉवेलात दोघं धक्क्यावर बसली. पलीकडे पाण्यातला 'निजलेला राक्षस' म्हणतात तो डोंगर संध्याकाळच्या उजेडात जांभळा झाला होता.

"इथल्या इस्पितळात कॉम्प्युटर विभागात एक जागा निघतेय," एमिल म्हणाला. "नाताळनंतरची. अर्ज करावा म्हणतोय. म्हणजे… थांबण्यासारखं काही असेल तर."

हेल्मीला 'आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण तिनं ओल्या केसांतलं पाणी त्याच्या तोंडावर झटकलं.

"आधी इथला एक हिवाळा बघ. मग बोल."

तो हसला. त्यानं तिच्या ओल्या खांद्यावर ओठ टेकले, आणि तिनं डोळे मिटून घेतले. सांगायला काय, पुष्कळ वेळ होता.

ऑक्टोबरात त्यांनी वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली. जुना सर्व्हर सगळ्या गावांच्या वेळा थंडर बेच्याच समजायचा; महामार्गानं पश्चिमेला गेलं की घड्याळ एक तास मागं जातं, हे त्याच्या गावीही नव्हतं. एमिलनं नव्या सर्व्हरला प्रत्येक गावाची खरी वेळ शिकवली. मग दोघं एकेक गाव तपासत बसली. निपिगॉन बरोबर आलं. टेरेस बे बरोबर आलं.

"इग्नेस?" एमिलनं विचारलं. "तिथं घड्याळ वेगळं. तुझ्या जुन्या कोडात त्यासाठी कुठं हातानं काही जुळवलंयस का?"

जुळवलं होतं. काही वर्षांपूर्वी इग्नेसचे चालक तक्रार करायचे की यादीत वेळ तासभर आधीची येते. हेल्मीनं कारण शोधलं नव्हतं. चालकांच्या यादीत एक ओळ टाकली होती: गाव इग्नेस असेल तर एक तास वाढवा. तक्रारी थांबल्या. पेशंटना जाणारे मेसेज दुसरीकडून निघायचे, तिथं तक्रार नव्हती, म्हणून तिथं तिनं हात लावला नव्हता.

ती ओळ तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिच्या मागोमाग ते हसू आलं. घरच विझवायचं…

"नाही," ती म्हणाली. "इग्नेस ठीक चालतं."

"नक्की? म्हणजे मी बघत नाही मग."

"नक्की रे. चल, भूक लागलीय."

सोमवारी आपण एकटं असताना गुपचूप काढून टाकू, असं तिनं ठरवलं होतं. सोमवारी डोरीनला ताप आला, फोन हेल्मीकडे आले. मग आठवडा गेला. इग्नेसचा त्या दिवसांत कुणी पेशंटही नव्हता. आणि मग ते विसरूनच गेलं.

नोव्हेंबरात इग्नेसच्या मिस्टर बोयको यांचे किरणोपचार सुरू झाले. एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ, पूर्वी रेल्वेत होते. त्यांच्या घराच्या वाटेवर बर्फ साचायचं, म्हणून ते महामार्गावरच्या पेट्रोल पंपाशी येऊन उभे राहायचे. मेसेजनं त्यांना सातची वेळ सांगितली. चालकाच्या यादीत, त्या जुन्या ओळीमुळे, आठ होते. पंप उघडला नव्हता, फोनला तिथं रेंज नव्हती, आणि आता येईल, आता येईल म्हणत ते उणे वीस अंशांत तासभर उभे राहिले. चालक पोचला तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले होते, आणि त्यांना नीट बोलता येत नव्हतं. त्याच गाडीतून त्यांना इस्पितळात दाखल करावं लागलं.

डोरीननं दुपारी हे सांगितलं तेव्हा संस्थेचे दोन विश्वस्त समोर बसले होते.

"इतकी वर्षं असं कधी झालं नाही," डोरीन म्हणाली. "हेल्मी, सर्व्हर त्या मुलानं बदलला ना?"

हेल्मीला कळून चुकलं होतं. 'इग्नेस' हा शब्द ऐकला त्याच क्षणी कळलं होतं.

"हो," ती म्हणाली. "सर्व्हर… एमिलनंच बदलला."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

एमिल धावत आला. डोरीननं विचारलं तेव्हा त्यानं हेल्मीकडे पाहिलं, एकदाच. मग म्हणाला, "बदल माझा होता. मी प्रत्येक गाव स्वतः तपासायला हवं होतं. मला माफ करा." विश्वस्तांनी त्याचा पासवर्ड बंद करायला सांगितलं. इस्पितळातल्या त्या जागेसाठी डोरीन त्याची शिफारस करणार होती. तिनं ती मागं घेतली. तिलाही ते सोपं गेलं नसावं, पण तिनं घेतली.

संध्याकाळी एमिलचा फोन आला.

"हेल्मी, मला आता आतलं काही दिसत नाही. पण मेसेज बरोबर आणि यादी चूक, म्हणजे चालकांच्या यादीतच काहीतरी वेगळं आहे. तू बघशील?"

"बघते," ती म्हणाली. तिनं ती ओळ तासाभरापूर्वीच काढून टाकली होती.

"आणि… तू ठीक आहेस ना?"

"हो."

"काही सांगायचं असलं तर मी जागा आहे," तो म्हणाला. तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी इग्नेसच्या वेळा बरोबर आल्या. डोरीननं सगळ्यांसमोर तिला जवळ घेतलं. "आमची हेल्मी होती म्हणून." ते शब्द ऐकताना हेल्मीला वाटलं, आपण इथून उठून सरळ सरोवरावर चालत जावं. पण ती हसली. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. रोज संध्याकाळपर्यंत काहीतरी निघायचं. एमिलचे मेसेज आधी रोज येत होते. मग कमी झाले. त्यांत वेबसाइटचा विषय कधीच नसायचा. 'जेवलीस का', 'आज फार वारा आहे', एवढंच. तीही तेवढंच उत्तर द्यायची.

शेवटी ती मिस्टर बोयकोंना भेटायला गेली. फुलं घेऊन. ते बरे होत होते. एका पायाची थंडीनं गेलेली दोन बोटं मात्र डॉक्टरांना काढावी लागली होती.

"तुम्ही संस्थेच्या का?" ते म्हणाले. "तुमचा तो फ्रेंच पोरगा येतो की इथं. पत्ते खेळतो माझ्याशी. फार वाईट खेळतो."

"एमिल? इथं?"

"पहिल्या दिवशी आला तो माफी मागायला. मी म्हटलं, अरे बाबा, माझी बोटं गेली आणि रडतोयस तू. बस, पत्ते पिस." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला काय झालं? बसा, बसा. पाणी हवं का?"

हेल्मी बसली. तिनं मिस्टर बोयकोंना सगळं सांगितलं, ती ओळ, तो प्रश्न, तिचं उत्तर. ते ऐकत राहिले.

"हे मला आवडलं नाही," ते म्हणाले. "बोटांचं नाही म्हणत मी."

तिथून ती थेट तळघरात गेली. डोरीननं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू मला त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला काय केलं असतं गं? खाल्लं असतं?"

"नाही."

"मग?"

डोरीननं तिच्यासमोरच इस्पितळात फोन लावला, त्या मुलाची काही चूक नव्हती म्हणून सांगितलं. पलीकडचं बोलणं ऐकताना तिचा चेहरा उतरला. ती जागा आठवड्यापूर्वीच भरली होती.

एमिलच्या घरासमोर त्याची पिकअप उभी होती, मागं खोकी लादलेली. तो दारातून एक दिवा घेऊन बाहेर येत होता. हेल्मीला बघून त्यानं दिवा पायरीवर ठेवला.

"कुठं?" तिनं विचारलं.

"मंक्टन. पार पूर्व किनाऱ्याकडे. मित्राच्या कंपनीत. उद्या निघायचं होतं, पण बर्फ येतंय म्हणतात… म्हणून आजच."

"मला न सांगता?"

"तुझ्याकडे येणार होतो जाताना."

तिनं उभ्या-उभ्याच सांगितलं. शब्द सुचत नव्हते, वाक्यं अर्धी तुटत होती. तिचं संपलं तेव्हा त्यानं हातमोजे काढले आणि तिच्या हातांवर चढवले. ती आपले विसरून आली होती.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"ती ओळ. माझ्याकडे जुन्या कोडचा बॅकअप होता. तुला फोन केला ना त्या संध्याकाळी, त्याच्या आधीच सापडली होती."

"मग बोलला का नाहीस? कुणालाच का सांगितलं नाहीस?"

"तू सांगशील असं वाटलं."

"एमिल…"

"त्या ओळीचं काही नाही गं. असल्या ओळी मीही टाकल्यात, याहून वाईट. तू तेव्हाच म्हणाली असतीस ना, की आहे एक ठिगळ, तर आपण दोन मिनिटांत काढलं असतं."

"तू हसला असतास."

तो दचकला. "मी?"

"त्या पहाटेच्या रीस्टार्टला हसला होतास."

त्याला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "ते तुला लागलं होतं? इतके महिने?" तो हळूच म्हणाला. "मग तेही नाही सांगितलंस."

वाऱ्यानं छपरावरचं भुरभुरीत बर्फ दोघांवर उडवलं. हेल्मीनं त्याच्या जाकिटाची कड धरली.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. जुलैपासून. त्याच्याही आधीपासून. थांबण्यासारखं काही आहे का विचारत होतास ना… आहे."

त्यानं तिला जवळ घेतलं, घट्ट. तिच्या टोपीवर हनुवटी टेकवून तो उभा राहिला, आणि एक क्षण तिला वाटलं, आता हा खोकी उतरवेल.

"माझंही आहे," तो म्हणाला. "म्हणून तर रोज फोनकडे बघत बसलो होतो. तू विश्वस्तांना सांगावंस असंही नव्हतं माझं म्हणणं. मला एकट्याला सांगितलं असतंस तरी मी त्यांच्यासमोर तोच दोष घेतला असता. आनंदानं घेतला असता." तो थांबला. "पण बघता बघता मला सवय होऊ लागली. तू गप्प राहणार, आणि मी वाट बघणार, याची. ती सवय नको वाटते मला, हेल्मी."

"मी बदलेन."

"बदलशील. आज आलीसच की." त्यानं तिचे डोळे अंगठ्यानं पुसले. "पण मी त्यांना हो म्हणून बसलोय. आणि माझ्यात आता पुन्हा वाट बघायचं बळ नाही. आत्ता तरी नाही."

तिनं पुढं काही मागितलं नाही. मागायचा हक्क आपण कुठल्या दिवशी घालवला ते तिला ठाऊक होतं. दिवा उचलून तिनं त्याच्या हाती दिला. त्यानं तो सीटवर नीट ठेवला, आत बसून इंजिन चालू केलं.

समोरच्या काचेवर बर्फाचा जाड थर धरला होता. दारात टेकवलेली खरवडणी हेल्मीनं घेतली आणि काच खरवडायला लागली. त्याचे मोठे हातमोजे तिच्या बोटांवरून घसरत होते. पापुद्रे निघत गेले. आधी त्याची टोपी दिसली, मग कपाळ, मग डोळे. तो आतून तिच्याकडेच बघत होता. सगळी काच स्वच्छ झाल्यावरही ती जराशी खरवडत राहिली, काही नसताना.

मग ती बाजूला झाली. गाडी हळूहळू रस्त्याला लागली, कोपऱ्यावर तिचा लाल दिवा लागला, आणि ती पूर्वेला वळली. हातमोजे परत द्यायचे राहिले हे हेल्मीच्या लक्षात आलं, आणि त्याला हाक मारायला तिनं तोंड उघडलं. रस्त्यावर तोवर कुणी उरलं नव्हतं.